ट्रॉम्सोला क्रूझनं जाताय? हातात आठ तास असतील तर

नॉर्वेच्या उत्तरेकडे जाणाऱ्या क्रूझचं वेळापत्रक हातात आलं की त्यात एक छोटी ओळ दिसते: ट्रॉम्सो, सकाळी ८ ते संध्याकाळी ५. बोटीवरून उतरायला आणि परत चढायला लागणारा वेळ वजा केला तर हातात आठच तास उरतात. मी या शहरात दोनदा गेले आहे. पहिल्यांदा जुलैत, आई-बाबांना घेऊन, मोठ्या क्रूझ बोटीनं. दुसऱ्यांदा फेब्रुवारीत, एकटी, किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणाऱ्या बोटीनं. पहिल्या खेपेला आमचा सव्वा तास निव्वळ धक्क्यावर गेला, कारण बोट शहरापासून लांब लागते हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुमचा तो सव्वा तास वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी शहर डोळ्यांसमोर आणा. ट्रॉम्सो हे एका बेटावर वसलेलं शहर आहे. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला साधारण ३५० किलोमीटर, अक्षांश ६९ अंशांच्या पुढे. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये खाडीसारखी अरुंद सामुद्रधुनी आहे, तिच्यावर १९६० साली बांधलेला एक किलोमीटरहून थोडा लांब पूल आहे, आणि पलीकडे ट्रॉम्सडालेन नावाची वस्ती. एवढ्या उत्तरेला असूनही बंदर गोठत नाही, कारण अटलांटिकमधून वर येणारा उबदार प्रवाह या किनाऱ्याला लागून वाहतो. तरी आपल्याकडच्या उन्हाळ्याची अपेक्षा ठेवू नका. जुलैत सरासरी तापमान १२ अंशांच्या आसपास असतं.

आधी ऋतू ठरवा, मग बोट

बहुतेक जण उलटं करतात. सवलतीत बोट मिळाली म्हणून मे अखेरीची तारीख घेतात आणि मग विचारतात, "नॉर्दर्न लाइट्स दिसतील ना?" नाही दिसणार. साधारण २० मे ते २२ जुलै इथे सूर्य मावळतच नाही. आकाश काळं झाल्याशिवाय ध्रुवीय प्रकाश दिसत नाही. तो बघायचा असेल तर सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर या काळातलीच बोट घ्या.

आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. "मग दिवसभर मिट्ट काळोख?" हा प्रश्न हमखास येतो. तसं नसतं. दुपारच्या आसपास काही तास निळसर उजेड पसरतो, दक्षिणेकडे क्षितिजावर गुलाबी-केशरी पट्टा येतो. दिवस उजाडतो आहे असं वाटत राहतं आणि उजाडत मात्र नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली ऋग्वेदातल्या दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचं मांडलं होतं. विद्वानांनी तो सिद्धान्त स्वीकारला नाही, पण बराच वेळ रेंगाळणारी पहाट म्हणजे काय असेल, हे त्या दिवसांत ट्रॉम्सोच्या धक्क्यावर उभं राहिलं की कळतं.

माझं मत विचाराल तर वयस्कर आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर जून-जुलै. पायाखाली बर्फ नसतो, उजेड भरपूर, चालणं सोपं. ध्रुवीय प्रकाशासाठी जायचं तर फेब्रुवारी-मार्च: रात्र पुरेशी काळी, आणि दिवसाही चार गोष्टी बघता येतील इतका उजेड.

देवमाशांसाठी जाणाऱ्यांना एक सूचना. नोव्हेंबर ते जानेवारीत हेरिंग माशांच्या मागे हंपबॅक आणि ओर्का या किनाऱ्यावर येतात हे खरं, पण हल्ली ते ट्रॉम्सोच्या बरेच उत्तरेला, शेर्वयच्या आसपास असतात. तिथे बोटीनं जाऊन यायला अख्खा दिवस जातो. तुमची क्रूझ ट्रॉम्सोत मुक्कामी नसेल तर हा बेत सोडून द्या.

बोट कोणत्या जातीची

दोन प्रकार आहेत. एक मोठी क्रूझ बोट, दोन-चार हजार प्रवाशांची, बहुतेक वेळा साउथॅम्प्टन, हॅम्बुर्ग, कील किंवा कोपनहेगनहून निघणारी. दुसरी किनारी बोट: बर्गनपासून किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं घेत जाणारी. हुर्टिग्रुटेन या नावाची ही सेवा १८९३ पासून चालू आहे, आणि २०२१ पासून हाविला ही दुसरी कंपनीही त्याच मार्गावर आहे. या बोटी माल, गाड्या आणि गावागावातले प्रवासी नेतात. कोकणात एके काळी मुंबईहून रत्नागिरी-पणजीला आगबोट जायची, ती ज्यांच्या आजी-आजोबांनी पाहिली त्यांना ही कल्पना लगेच समजेल.

निवडताना हे ध्यानात घ्या: किनारी बोट उत्तरेला जाताना ट्रॉम्सोत दुपारी सव्वादोनच्या सुमारास लागते आणि साडेसहाला सुटते. दक्षिणेला परतताना मध्यरात्रीच्या आसपास दीड-दोन तास थांबते. शहरासाठी वेळ कमी, पण ती थेट शहराच्या मध्यावर लागते. मोठी बोट जास्त वेळ थांबते, पण लांब लागते. नाटक, पोहण्याचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम हवे असतील तर मोठी बोट. खिडकीशी बसून किनारा बघत जायचं असेल तर किनारी.

व्हिसा: एक प्रवेश की दोन?

भारतीय पासपोर्टवर नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मी म्हणेन अडीच-तीन महिने आधी कामाला लागा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा सक्तीचा आहे. जास्त दिवस ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे. क्रूझ कंपनीकडून बंदरांची तारीखवार यादी मागून घ्या आणि अर्जाला जोडा.

आता खरी अडचण. तुमची बोट ट्रॉम्सोहून पुढे स्वालबार्डला, म्हणजे लाँगयिअरब्येनला जाणार असेल, तर तो द्वीपसमूह नॉर्वेचा असला तरी शेंगेनमध्ये नाही. तिथे गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. परत मुख्य भूमीवर यायला दुसरा प्रवेश लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिथेच अडचण होईल. म्हणून अर्जात दोन किंवा अनेक प्रवेश मागा, कारणही लिहा. आणि साउथॅम्प्टनहून चढणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

अंगावर काय, पायात काय

एकच जाडजूड कोट घेऊन येणारे लोक बोटीवर ढिगानं दिसतात, आणि तेच सगळ्यात हैराण होतात. बाहेर गारठा, आत संग्रहालयात उकाडा. तीन थर ठेवा. अंगालगत लोकरीचं किंवा थर्मलचं बनियन, सुती नको, कारण घामानं ओलं झालं की ते अंगाला गार लागत राहतं. मधे स्वेटर किंवा फ्लीस. वर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. कानटोपी आणि हातमोजे जुलैतही बॅगेत असू द्या. डोंगरावर वारा सुटला की लागतातच. छत्री मात्र घरी ठेवा, इथला वारा ती उलटी करतो.

हिवाळ्यात बुटांचा विचार कपड्यांआधी करा. फुटपाथवरचा बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो आणि काचेसारखा गुळगुळीत होतो. तिथले लोक बुटांवर रबरी पट्ट्यांना लावलेले टोकदार खिळे चढवतात, 'ब्रॉडर' म्हणतात त्यांना. शहरातल्या दुकानांत सहज मिळतात. बोटीवरून उतरल्यावर पहिली खरेदी हीच करा. फेब्रुवारीत मी ते विकत घेतले ते एका आजींना बघून. ऐंशीच्या असतील, हातात दोन पिशव्या, उतारावरच्या बर्फावरून करकर आवाज करत सरळ निघून गेल्या, आणि मी तोवर भिंत धरून उभी होते.

फोन आणि घड्याळ

बोट समुद्रात असताना तुमचा फोन बोटीच्या स्वतःच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो. भारतातल्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं. पहिल्या प्रवासात बाबांच्या फोनवर रात्रभर फोटो वर चढत राहिले आणि नंतर जे बिल आलं त्यात एक छान हॉटेल झालं असतं. तेव्हा बोटीत पाय ठेवला की फोन फ्लाइट मोडवर. धक्क्यावर उतरल्यावर चालू करा. युरोपातलं कुठलंही सिम किंवा ई-सिम घेताना त्यात नॉर्वे आहे ना, हे बघून घ्या, कारण नॉर्वे युरोपीय संघात नाही. बहुतेक पॅकमध्ये असतं.

उन्हाळ्यात नॉर्वे भारताच्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. पण बोटीचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ दरवेळी एक असेलच असं नाही. ब्रिटनहून निघालेली एखादी बोट आपलीच वेळ चालू ठेवते. परतायची वेळ कायम बोटीच्या घड्याळाप्रमाणे असते. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर ती छापलेली असते, आणि खाली बंदरातल्या एजंटचा फोन नंबरही. त्या पत्रकाचा फोटो काढून ठेवा. पासपोर्टची झेरॉक्स आणि बोटीचं कार्ड खिशात हवंच.

कोणता धक्का, हे आदल्या रात्री विचारा

ट्रॉम्सोत क्रूझ बोटी लागतात त्या दोन जागी. प्रोस्टनेसे हा शहराच्या ऐन मध्यावरचा धक्का: उतरलात की दोन मिनिटांत बाजारपेठ. ब्राइविका हा उत्तरेकडचा मोठा धक्का, मध्यापासून सुमारे चार किलोमीटर. मोठ्या बोटी बहुधा ब्राइविकाला लागतात. आमची तिथेच लागली होती. समोर घरं दिसतात, मला वाटलं हेच शहर, आणि आम्ही चालायला लागलो. बाबांचा गुडघा दुखायला लागल्यावर मागे फिरलो आणि शटल बसच्या रांगेत उभे राहिलो.

शटल बस बोटीची कंपनी किंवा बंदर चालवतं, कधी फुकट, कधी पैसे देऊन. त्याच रस्त्यानं शहराची साधी बसही जाते. तिकीट मोबाइल ॲपवर आधीच काढून ठेवा. बोट लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात सगळेच उतरतात. त्याच्या आधी न्याहारी उरका आणि पहिल्या लाटेत उतरा, नाहीतर मग निवांत तासाभरानं निघा. मधल्या गर्दीत अडकू नका.

रोख पैशांची चिंता नको. चलन नॉर्वेजियन क्रोन आहे, युरो नाही. पण कॉफीपासून सार्वजनिक स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे कार्ड चालतं. मी दोन्ही प्रवासांत एकही नोट हातात धरली नाही. फक्त बँकेत जाऊन परदेशी व्यवहार चालू करून घ्या आणि पिन पाठ असू द्या. बोट रविवारी लागत असेल तर बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी मनातून काढून टाका.

उठल्यावर आकाश बघा, मग दिवस ठरवा

ट्रॉम्सोत काय काय बघायचं याच्या याद्या सगळीकडे मिळतात. त्या यादीचा क्रम मात्र आदल्या दिवशी ठरवून उपयोग नाही. तो सकाळी डेकवर उभं राहून, पलीकडच्या डोंगराचा माथा दिसतो की नाही हे बघून ठरतो.

माथा स्वच्छ दिसत असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी केबल कार गाठा. फ्येलहाइसेन तिचं नाव, १९६१ पासून चालू. ट्रॉम्सडालेनहून चार मिनिटांत स्टूरस्टाइनेनच्या कड्यावर नेते, समुद्रसपाटीपासून ४२१ मीटरवर. वरून अख्खं बेट, पूल, दोन्हीकडचं पाणी आणि मागे बर्फाचे पट्टे असलेले डोंगर दिसतात. ब्राइविकाला उभी असलेली आपली एवढी मोठी बोट वरून काडेपेटीएवढी दिसते. ढग कधीही उतरतात, आणि क्रूझच्या दिवशी दहानंतर रांग वाढत जाते, म्हणून आधी हेच. जोराच्या वाऱ्यात केबल कार बंद ठेवतात. निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर चालू आहे ना बघा. तिकीट महाग आहे, पण मला या शहरात कशाचे पैसे वसूल झाले असं वाटलं असेल तर याचेच.

गुडघे धड असतील तर उन्हाळ्यात दुसरा रस्ता आहे: शेर्पा जिना. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगड बसवून बांधलेल्या १२०३ पायऱ्या. नॉर्वेतल्या अनेक डोंगरवाटा शेर्पांनी बांधल्या आहेत. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला हे मुळीच जड नाही. वर चढून जा, उतरताना केबल कार घ्या, म्हणजे गुडघेही राहतात आणि वेळही.

खाली आल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाललात की आर्क्टिक कॅथेड्रल येतं. पांढऱ्या त्रिकोणी कमानी एकामागे एक रचल्यासारखं. यान इंगे होविग या वास्तुविशारदानं केलेलं, १९६५ सालचं. पूर्वेच्या भिंतीवर व्हिक्टर स्पारेनं १९७२ साली केलेलं काचचित्र आहे, भिंतभर उंच. तिथे बाकावर दहा मिनिटं गप्प बसा. ढग सरकतो तशी निळी काच फिकी होते, पिवळी उजळते, आणि समोरच्या बाकावर तो रंग हळूहळू सरकत येतो. नाव कॅथेड्रल असलं तरी ते खरं तर तिथल्या वस्तीचं साधं चर्च आहे. शहराचं मुख्य कॅथेड्रल पुलापलीकडे, बेटावर आहे, १८६१ सालचं, लाकडी. आर्क्टिक कॅथेड्रलहून पुलावरून चालत अर्ध्या तासात शहरात येता येतं. वारा असेल तर कानटोपी घट्ट ओढा.

माथा ढगात बुडाला असेल तर केबल कारचा हट्ट धरू नका. वर जाऊन पांढऱ्या भिंतीकडे बघत बसाल. अशा दिवशी शहरातच थांबा आणि पोलर म्युझियमला दीड तास द्या. १८३० च्या दशकातलं कस्टमचं जुनं लाकडी गोदाम, बंदरालगत. हे संग्रहालय १८ जून १९७८ ला उघडलं, आणि ती तारीख मुद्दाम निवडलेली आहे. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १८ जून १९२८ ला, दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचलेला रोआल अमुंडसेन इथूनच 'लाथाम' विमानानं निघाला होता. नोबिले या इटालियन संशोधकाची वायुनौका (वायूनं भरलेलं, फुग्यासारखं यान) बर्फात कोसळली होती, त्याला शोधायला. नोबिले वाचला. अमुंडसेन परत आला नाही. काही आठवड्यांनी विमानाचा एक तरंगता भाग समुद्रात सापडला, नंतर इंधनाची एक टाकी, एवढंच. संग्रहालयातून बाहेर पडून त्याच्या पुतळ्याजवळ गेलात की तो समुद्राकडे बघत उभा दिसतो, आणि मघाशी वाचलेल्या तारखा एकदम जवळच्या होतात.

त्याच संग्रहालयात वानी वोल्डस्टाडची गोष्ट शोधा. ट्रॉम्सोत टॅक्सी चालवणारी ही बाई १९३२ साली स्वालबार्डला शिकारीसाठी हिवाळाभर राहायला गेली. त्या धंद्यात तोवर पुरुषच होते. लहान मुलं सोबत असतील तर मात्र सांभाळून: सील आणि अस्वलांच्या शिकारीचे देखावे बरेच थेट आहेत.

आणि आता माझी सगळ्यात आवडती जागा, जी बहुतेक क्रूझ प्रवाशांच्या यादीत नसते. ब्राइविकाला बोट लागली तर विद्यापीठाची आर्क्टिक वनस्पती बाग तिथून चालण्याच्या अंतरावर आहे. १९९४ सालची, जगातली सर्वांत उत्तरेकडची वनस्पती बाग, तिकीट नाही, फाटकही नाही. दगडांच्या कपारींत डोंगरमाथ्यावरची इवलीशी झाडं लावली आहेत, देशोदेशीची. आई पुढे चालत होती. एकदम थांबली आणि म्हणाली, "अगं, हे बघ कोण आलंय इथे!" हिमालयातली निळी पॉपी. चार पाकळ्या, रेशमासारख्या पातळ, मधोमध पिवळ्या केसरांचा झुपका, आणि निळा रंग असा की फोटोत तो खोटा वाटतो. रात्रीच्या पावसाचा एक थेंब पाकळीच्या खोलगटात थांबला होता, त्यात तोच निळा आणखी गडद दिसत होता. तिशीत हिमालयात ट्रेकला गेलेली असताना आईला हे फूल ढगांमुळे हुकलं होतं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि वीस मिनिटं उठली नाही. बाग बर्फ वितळल्यापासून ऑक्टोबरपर्यंत बघण्यासारखी असते, निळी पॉपी साधारण जुलैत.

रात्रीची बोट असेल तर

हिवाळ्यात बऱ्याच क्रूझ बोटी ट्रॉम्सोत रात्रभर थांबतात. तुमची थांबत असेल तर ध्रुवीय प्रकाशासाठी शहराबाहेर जा. छोट्या बस संध्याकाळी निघतात आणि ढग नसतील त्या दिशेला जातात, कधी थेट फिनलंडच्या सीमेपर्यंत, आणि मध्यरात्रीनंतर परत आणतात. ट्रॉम्सो ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच आहे, त्यामुळे ध्रुवीय प्रकाशाचा अंदाज सांगणाऱ्या ॲपवरचा आकडा कमी आहे म्हणून खोलीत बसू नका. इथे खरा शत्रू ढग. आणि डोळ्यांना पहिल्यांदा तो हिरवा दिसेलच असं नाही. फिकट राखाडी ढगासारखा पट्टा दिसतो, मग तो हलायला लागतो तेव्हा कळतं. फोन नाइट मोडवर ठेवून कशावर तरी टेकवून धरा. आधी फोटो काढा हवं तर, पण नंतर फोन खिशात टाका.

एकच रात्र हातात असेल तर न दिसण्याची तयारीही ठेवा. माझ्या वाट्याला तीन रात्रींतली एक आली.

एक नियम उन्हाळा-हिवाळा दोन्हीसाठी: ड्रोन उडवू नका. विमानतळ बेटावरच आहे आणि सगळं शहर त्याच्या मनाईच्या क्षेत्रात येतं.

सामी लोकांकडे गेलात तर

रेनडिअरच्या कळपाला भेट देण्याच्या सहली बोटीवर विकल्या जातात. हा सामी लोकांचा, म्हणजे या भूमीच्या मूळ रहिवाशांचा प्रदेश. त्यांच्या भाषेत शहराचं नाव रोम्सा. फोटो काढण्याआधी विचारा. आणि "तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत?" हे विचारू नका. आपल्याकडे अनोळखी माणसाला "बँकेत किती पैसे आहेत?" विचारावं तसं ते आहे. त्याऐवजी कळपाच्या वाटेबद्दल, हिवाळ्यातल्या चाऱ्याबद्दल विचारा. मला तिथल्या बाईंनी बर्फाच्या प्रकारांसाठीचे शब्द सांगितले, एकेक शब्द बुटानं बर्फ दाबून दाखवत.

सहल बोटीकडून घेतलीत तर उशीर झाला तरी बोट थांबते. बाहेरून घेतलीत तर नाही थांबत. बाहेरची स्वस्त पडते आणि गर्दीही कमी, पण ती बोट सुटण्याच्या किमान दोन तास आधी संपणारी असावी.

खाणं

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. कॉड, हॅलिबट, सुके मासे. किनाऱ्यावर, विशेषतः दक्षिणेला लोफोतेनमध्ये, लाकडी मांडवांवर कॉडच्या जोड्या टांगलेल्या दिसतील. मीठ न लावता फेब्रुवारी ते मे वाऱ्यावर वाळवतात. वर्सोव्याला किंवा हर्णैला वलांडीवर बोंबील वाळताना पाहिलेल्या माणसाला तो वास लांबूनच ओळखू येईल.

शाकाहारींनी क्रूझचं आरक्षण करतानाच सांगून ठेवावं, जैन जेवण हवं असेल तर लेखी. शहरात कॉफी आणि वाफल मागा, वर तपकिरी चीज. ते दुधाच्या निवळीला आटवून आटवून करतात, त्यामुळे गोडसर, खमंग लागतं. कंदी पेढ्यात चिमूटभर मीठ पडलंय असं समजा. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे. घरून नेताना एवढं लक्षात ठेवा: युरोपबाहेरून मांस आणि दूध-दुभत्याचे पदार्थ आणायला मनाई आहे. चटणी, खाकरा, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू चालतात.

उपवास करणाऱ्यांसाठी आणखी एक. सूर्यास्तावर किंवा चंद्रोदयावर उपवास सोडत असाल तर उन्हाळ्यात इथल्या आकाशाचा भरवसा नाही. सूर्य मावळत नाही, आणि चंद्र असलाच तर उजेडात विरून जातो. घरची वेळ लिहून आणा. आमच्या ट्रॉम्सोच्या दिवशी नेमकी संकष्टी होती. पुण्यात चंद्रोदय पावणेदहाला, म्हणजे इथे सव्वासहा. बोट तासाभरापूर्वी सुटली होती, ऊन तिरपं डेकवर आलं होतं. आईनं पुण्याच्या दिशेला तोंड करून हात जोडले आणि डब्यातला राजगिऱ्याचा लाडू काढून आम्हा दोघांच्या हातावर अर्धा अर्धा ठेवला.